निर्मल ऋषींकडून काय शिकावं: एका तरुण अभिनेत्रीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाट्यशास्त्र शिकलेली अभिनेत्री. अजून तिशीही गाठलेली नाही, तरी ऑडिशनला गेलं की आई, मावशी, काकू, थोरली जाऊ हेच वाट्याला येतं. हल्ली पंजाबी चित्रपट खूप पाहते. त्यातल्या निम्म्यांत निर्मल ऋषी आजी म्हणून दिसतात. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाल्याचं वाचलं. त्यांची कारकीर्द घडली कशी? आणि माझ्यासारखीने त्यातून घ्यावं असं काय आहे?"

मी आयुष्यभर नाटकं बसवली, नटनट्यांना शिकवलं. वयस्क भूमिका कशी उभी करायची, हा माझ्या वर्गातला नेहमीचा विषय. त्यासाठी ज्यांचं काम मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहायला लावते, त्यांत निर्मल ऋषी आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. निर्मल ऋषींना 'पंजाबी सिनेमातली आजी' म्हटलं की त्यांचं काम अर्धंच समजतं. म्हातारपण दाखवायला त्या पाठ वाकवत नाहीत, आवाज कापरा करत नाहीत. घरातल्या बाईला वयाबरोबर जो अधिकार मिळतो, तो त्या दाखवतात. तो कुणी काढून घेऊ पाहिला तर ती बाई काय करील, हेही दाखवतात. हे जमायला शरीर लागतं, आवाज लागतो आणि रंगमंचावरची बरीच वर्षं लागतात. त्यांच्याकडे हे तिन्ही कुठून आलं, ते सांगते.

त्यांचा जन्म 1943 चा, खीवा कलां या गावातला. हे गाव आज मानसा जिल्ह्यात येतं. जिल्हा 1992 साली भटिंड्यातून वेगळा झाला. हा भाग म्हणजे पंजाबातला मालवा, सतलजच्या दक्षिणेचा. मध्य प्रदेशातल्या माळव्याशी याचा संबंध नाही. कोरडा, रेताड मुलूख, पुढे कापसासाठी ओळखला गेलेला. इथली बोली मलवई. छापील पंजाबीचा आधार असलेली अमृतसर-लाहोरकडची बोली ('माझी' हे त्या बोलीचं नाव), तिच्याहून ही वेगळी, जास्त ठोस आणि उघडी. निर्मल ऋषी पडद्यावर बोलतात तेव्हा पंजाबी प्रेक्षकाला त्यांच्या तोंडून एक नेमका भूभाग ऐकू येतो. आपल्याकडे एखाद्या नटीच्या पहिल्या दोन वाक्यांत ती वऱ्हाडची की कोल्हापूरची हे कळावं, तसं.

नाटकाची ओढ शाळेपासूनची. पण शिक्षणासाठी त्यांनी निवडलं शारीरिक शिक्षण, आणि त्यासाठी पतियाळाच्या सरकारी महाविद्यालयात गेल्या. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक ती एका ओळीत उरकतात. मैदानावर शिकवणाऱ्या बाईला काय येतं, विचार कर. खुल्या मैदानात शंभर मुलींपर्यंत पोहोचेल असा आवाज, तोही घसा न फाडता. पायांची पक्की ठेवण. शरीराचं वजन कुठे आहे याचं कायम भान. शिवाय स्वतःचा पगार. पगाराकडे मी नंतर येते, कारण पंजाबी रंगभूमीवरच्या बायकांच्या इतिहासात त्याला फार अर्थ आहे.

तो इतिहास थोडक्यात सांगते. आधुनिक पंजाबी नाटकाची सुरुवात लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात झाली. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पत्नी नोरा रिचर्ड्स या मूळच्या आयर्लंडच्या अभिनेत्री. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, परक्या नाटकांच्या नकला सोडा आणि आपल्या गावांबद्दल, आपल्या भाषेत लिहा. त्यातून 1913 साली ईश्वरचंदर नंदा यांची 'दुल्हन' ही एकांकिका आली. नाटक एका मुलीच्या लग्नाचं, पण मंचावर मुलगी नव्हती. बायकांची कामं मुलगेच करत. आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्व रसिकांच्या मनावर राज्य करत होते, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

पंजाबी रंगमंचावर पहिली स्त्री आली 1939 साली, आणि तीही शहरात नाही. लेखक गुरबख्शसिंग प्रीतलडी यांनी अमृतसर आणि लाहोर यांच्या मधोमध प्रीतनगर नावाची वसाहत वसवली होती. सामायिक स्वयंपाकघर, शाळा, पुस्तकं, असं एक स्वप्न. तिथे त्यांच्याच 'राजकुमारी लतिका' या नाटकात त्यांची मुलगी उमा उभी राहिली. आपल्याकडे नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मधून ज्योत्स्ना भोले आणि पद्मावती वर्तक आल्या त्या 1933 साली. दोन्ही घटनांत जेमतेम सहा वर्षांचं अंतर आहे.

पण पुढच्या आठ वर्षांत फाळणी झाली आणि पंजाबी रंगभूमीची राजधानीच गेली. लाहोर सीमेपलीकडे राहिलं. माणसं विखुरली. शीला भाटिया दिल्लीत स्थिरावल्या आणि त्यांनी 'हीर रांझा'सारख्या पंजाबी संगीतिका उभ्या केल्या. पृथ्वीराज कपूर आपली मंडळी घेऊन मुंबईतून देशभर फिरत होते, पण ते नाटक हिंदुस्तानीत. नोरा रिचर्ड्स कांगड्याच्या खोऱ्यातल्या अंद्रेट्याला मातीच्या घरात राहून 1971 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पंजाबी नाटकासाठी झटत राहिल्या. भारतीय पंजाबात मात्र नाटकाची नवी ठिकाणं पहिल्यापासून उभी करावी लागली: अमृतसर, चंदीगड आणि पतियाळा.

आता पगाराचं. या पहिल्या पिढ्यांतल्या बायका मंचावर कशा आल्या, ते पाहा. उमा वडिलांच्या नाटकातून आली. अमृतसरला गुरशरणसिंगांनी गावोगाव नाटक नेलं, त्यांच्या नाटकांत त्यांच्या पत्नी कैलाश कौर काम करत, पुढे मुलीही करू लागल्या. पतियाळाला हरपाल टिवाणा आणि नीना टिवाणा हे जोडपंच नाटकाचा संसार चालवत होतं. म्हणजे बाप, नवरा किंवा भाऊ नाटकात असेल तरच बाईला दार उघडं. या सगळ्या मोठ्या अभिनेत्री आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण खीवा कलांच्या मुलीला नाटकातला बापही नव्हता आणि नाटकातला नवराही नव्हता. तिच्याकडे शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण होतं, आणि त्यातून येणारं स्वतःचं स्थान. संध्याकाळच्या तालमीला जायला तिला घरातल्या कुणा रंगकर्मी पुरुषाची सोबत असायची गरज पडली नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमीसुद्धा बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर जगली, हे आपण विसरतो. नाटकाला पैसा मिळत नाही तेव्हा नोकरी हीच कलावंताची जमीन असते. बाईच्या बाबतीत तर ती तिची परवानगीही असते.

पतियाळातल्या त्या टिवाणांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. हरपाल आणि नीना, दोघेही दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि परत आपल्या गावाकडे आले. शिकलेल्या बहुतेकांनी तेव्हा मुंबईची वाट धरली होती, हे लक्षात घे. त्यांनी पंजाब कला मंच उभा केला. तिथे शिस्त होती. पाठांतर, उच्चार, मंचावरची हालचाल, प्रकाशात उभं राहण्याची जागा, सगळ्याची तालीम होती. भाषा मात्र शेताबांधावरची. याच मंचात ओम पुरी घडले. ते पतियाळाहून दिल्लीला नाट्य विद्यालयात गेले, तिथून पुण्याला चित्रपट संस्थेत आले, आणि 1980 साली विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'आक्रोश'मध्ये जवळपास न बोलता उभे राहिले. त्या न बोलण्यामागची ताकद कुठली, असा प्रश्न पडला तर उत्तराचा एक धागा पतियाळाकडे जातो. सरदार सोही हा आजच्या पंजाबी सिनेमातला दमदार नटही त्याच मंचातला. निर्मल ऋषींचं रंगमंचावरचं शिक्षण झालं ते या माणसांत.

ऐंशीच्या दशकात टिवाणांनी चित्रपट काढला, 'लौंग दा लिशकारा'. राज बब्बर, ओम पुरी, गुरदास मान, नीना टिवाणा, सरदार सोही, आणि संगीत जगजित सिंग यांचं. निर्मल ऋषींचा हा पहिला चित्रपट. वय चाळिशीच्या आसपास. भूमिका गुलाबो मासीची, आणि त्या एका भूमिकेने त्यांना नाव दिलं. आजही पंजाबात जुने प्रेक्षक त्यांना गुलाबो मासीच म्हणतात. हे नशीब क्वचित कुणाला मिळतं आणि ते जडही असतं. पात्राचं नाव नटीच्या नावापेक्षा मोठं झालं की पुढे येणारा प्रत्येक दिग्दर्शक तेच मागतो.

गुलाबोत त्यांचं मंचावरचं काम स्पष्ट दिसतं. मंचाची सवय असलेले नट कॅमेऱ्यासमोर बहुधा दोन चुका करतात. एक तर सगळं मोठं करतात, किंवा 'सिनेमात कमी करायचं असतं' असं कुणीतरी सांगितलेलं ऐकून सगळं विझवून टाकतात. निर्मल ऋषींनी यातलं काहीच केलं नाही. आवाजाची ताकद तशीच ठेवली, मान आणि डोळे मात्र शांत ठेवले. त्यामुळे ती बाई मोठ्याने बोलते ते तिचा स्वभाव म्हणून, नटीची सवय म्हणून नाही. हा फरक तुला पाहायचा असेल तर आधी आवाज बंद करून तिचा एक प्रसंग पाहा, मग आवाज सुरू कर.

इतक्या गाजलेल्या पदार्पणानंतर कामाची रांग लागायला हवी होती. ती लागली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. पंजाबी सिनेमा तेव्हा नुकता मान वर काढत होता. 'चन्न परदेसी'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, गुरदयालसिंगांच्या कादंबरीवरचा 'मढी दा दीवा' 1989 साली आला. पण बाहेर पंजाब जळत होता. 1984 ची (सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईची आणि शीखविरोधी दंगलींची) जखम, अतिरेक्यांची बंदूक, पोलिसांची बंदूक. त्या वेळचे लोकप्रिय नायक-दिग्दर्शक वीरेंद्र यांची डिसेंबर 1988 मध्ये चित्रीकरणाच्या जागीच गोळ्या घालून हत्या झाली. कवी पाश त्याच वर्षी मार्चमध्ये मारले गेले होते. रात्रीचे खेळ बंद पडले, बायकांनी चित्रपटगृहात जाणं बंद केलं. जे थोडे चित्रपट निघाले, त्यांत बहुतेक जमिनीचे तंटे, सूड, बंदुका आणि आरडाओरडा. त्यांत बाईला काम होतं ते विधवेचं, बलात्कारितेचं किंवा रडणाऱ्या आईचं. चाळिशी-पन्नाशीतल्या, विनोदाची आणि अधिकाराची जाण असलेल्या अभिनेत्रीला या सिनेमात जागाच नव्हती.

नाटक मात्र थांबलं नाही. याचा पंजाबी रंगकर्मींना अभिमान आहे आणि तो रास्त आहे. गुरशरणसिंग धमक्यांना न जुमानता गावात खाटा जोडून, बैलगाडीच्या मापाच्या जागेत प्रयोग करत राहिले. चंदीगडला नीलम मानसिंग चौधरी यांनी बायकांची सोंगं आणणाऱ्या पारंपरिक नक्कालांना शहरातल्या नटांबरोबर उभं केलं. टिवाणांचं काम पतियाळातून चालू राहिलं, त्यांच्या 'दीवा बले सारी रात' या चित्रपटातही निर्मल ऋषी होत्या. हरपाल टिवाणा 2002 साली अपघातात गेले. पतियाळातलं नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

चित्रपटांच्या यादीत ही मधली वर्षं रिकामी वाटतात. वाचणारा म्हणतो, 'नंतर त्या बराच काळ दिसल्या नाहीत.' हे वाक्य मला खटकतं. पडद्यावर न दिसणं म्हणजे काम न करणं असं समजायची सवय आपल्याला सिनेमाने लावली आहे. 2012 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना अभिनयासाठी मिळाला. त्या वेळी आज तू पाहतेस त्या आजीच्या भूमिका अजून आल्याच नव्हत्या. रंगभूमीने त्यांची दखल आधी घेतली, सिनेमाने नंतर.

मग पंजाबी सिनेमा परतला. 2002 च्या 'जी आयां नूं' पासून परदेशात गेलेल्या पंजाब्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. कॅनडा आणि इंग्लंडमधला प्रेक्षक पैसा आणत होता. पुढच्या दशकात विनोदी चित्रपटांची लाट आली, आणि 2015 च्या 'अंग्रेज'ने एक वेगळीच वाट दाखवली. फाळणीच्या आधीचं गाव, मातीची घरं, चरखे, फुलकारी, बायकांची गाणी. हा चित्रपट इतका चालला की त्यानंतर जुन्या गावाचे चित्रपट एकामागून एक आले. जुनं गाव दाखवायचं तर त्यात जुनी माणसं लागणार. तिथे निर्मात्यांच्या लक्षात आलं की तरुण नायिका शहरात वाढल्यात, त्यांना मांजीवर, म्हणजे सुताच्या खाटेवर, बसताही येत नाही. ज्यांना ते येतं, ज्यांच्या तोंडात ती बोली आहे, ज्यांना कॅमेरा आणि मंच दोन्ही कळतात, अशा बायका किती? फारच थोड्या. निर्मल ऋषी त्यांत अग्रभागी होत्या. 'अंग्रेज'मध्ये त्या आहेत. 'लौंग लाची'मध्ये आहेत. त्या चित्रपटाचं शीर्षकगीत यूट्यूबवर शंभर कोटींच्या पुढे गेलेलं पहिलं भारतीय गाणं, आपल्याकडच्या वरातींतही ते वाजलंय.

आणि 2016 साली 'निक्का जैलदार' आला. त्या वेळी त्यांचं वय 73. नातू अ‍ॅमी विर्क, त्याला आवडलेली मुलगी सोनम बाजवा, आणि घरात शेवटचा शब्द आजीचा, दलीप कौरचा. नायक-नायिकेच्या प्रेमात खलनायक नाही, ही आजीच अडसर आहे. आणि तरी प्रेक्षक आजीच्या बाजूनेही असतो. तुझ्या प्रश्नाचं अर्ध उत्तर या भूमिकेत आहे.

दलीप कौर विनोदी वाटते, पण निर्मल ऋषी एकही ओळ विनोदी म्हणून टाकत नाहीत. तिच्यासाठी नातवाचं लग्न ही घराच्या इज्जतीची बाब आहे, आणि ती त्याबद्दल पूर्ण गंभीर आहे. हसू येतं ते तिच्या गांभीर्यामुळे. नट हसवायला गेला की पात्राचा मान जातो, आणि म्हाताऱ्या बाईच्या पात्राचा तर फार लवकर जातो. प्रेक्षक मग तिला हसतात. दलीप कौरला कुणी हसत नाही. तिच्यासमोर नातवाची जी तारांबळ उडते, तिला हसतात.

शरीराचं पाहा. बसताना त्या आधी जागा ताब्यात घेतात. मांजीवर बसल्या की दोन्ही हात कुठेतरी टेकलेले असतात, गुडघ्यावर, काठीवर, खाटेच्या बाहीवर. वजन खाली, कमरेत. उठताना घाई नाही, पण चाचपडणंही नाही. तरुण नट्या म्हातारी करताना पाठीला बाक काढतात आणि वजन छातीत ठेवतात, त्यामुळे बाक खोटा दिसतो. म्हातारं माणूस पडण्याला भीत असतं, म्हणून ते जमीन धरून असतं. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगून थकते. मैदानावर शिकलेल्या बाईला ती सांगावी लागत नाही. चुन्नी हे दुसरं. डोक्यावरची चुन्नी सरकवणं, तोंडापाशी धरणं, मागे टाकणं, यातून ती बाई समोरच्याला काय समजते ते कळतं. थोरल्या पुरुषासमोर एक, सुनेसमोर दुसरं, नातवासमोर तिसरं. संवाद कळत नसला तरी नाती कळतात. म्हणून उपशीर्षकांशिवाय पाहायचा आग्रह मी धरते.

आवाजाबद्दल: त्यांचं वाक्य शेवटी पडत नाही. मराठी नटांची एक खोड आहे, वाक्याचं क्रियापद येईपर्यंत दम संपतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. पंजाबीतही क्रियापद शेवटीच येतं, तरी त्यांच्या तोंडी शेवटचा शब्द सगळ्यात स्पष्ट असतो. उघड्यावर, ध्वनिक्षेपकाच्या भरवशाशिवाय जे बोललेत, त्यांनाच हे अंगवळणी पडतं.

'गोडे गोडे चा' हा 2023 चा चित्रपट आवर्जून पाहा. पूर्वी पंजाबात वरातीला बायकांना नेत नसत. पुरुष नवऱ्यामुलाला घेऊन जात आणि बायका घरी थांबत. या चित्रपटातल्या बायका ठरवतात की आपणही वरातीला जायचं, आणि त्यावरून गावात रण माजतं. विजयकुमार अरोरा दिग्दर्शक, लेखन जगदीप सिद्धूंचं, 'निक्का जैलदार'चं लेखनही त्यांचंच. 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपट म्हणून त्याची निवड झाली. निर्मल ऋषी त्यात घरातली थोरली.

हा विषय त्यांच्यापर्यंत यावा यात मला खास अर्थ वाटतो. वरात गेल्यावर घरी राहिलेल्या बायका रात्रभर काय करत? गिद्धा, म्हणजे पंजाबी बायकांचा टाळ्यांच्या तालावरचा नाच, घालत. पुरुष नाहीत, म्हणून कुणी पगडी बांधून सासरा होई, कुणी दाढी लावून ठाणेदार, कुणी नवरा. चावट बोल्या (नाचताना म्हणायच्या छोट्या ओळी), नकला, भांडणं, सगळं खुलेआम. पंजाबी बाईची पहिली रंगभूमी ही होती, लाहोरच्या कॉलेजात मुलगे साड्या नेसत होते त्याच्याही कितीतरी आधीपासूनची. आपल्याकडे मंगळागौरीच्या जागरणात सासू-सुनेची, सवतींची भांडणं रंगतात, त्याच जातीचं हे काम. त्याची नोंद कुठे नाही, कारण पाहायला पुरुष नव्हते. निर्मल ऋषींच्या अभिनयात जो धिटाईचा, उघडपणे उत्तर देण्याचा सूर आहे, तो मला टिवाणांच्या तालमीइतकाच या अंगणातून आलेला वाटतो. पुस्तकातून तो येत नाही.

आता जे मला आवडत नाही तेही सांगते, कारण तुला आरती नको आहे, उत्तर हवं आहे. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ चित्रपटांत त्यांना वाया घालवलं आहे. आजी ओरडते, चप्पल उगारते, नातवाच्या कानाखाली देते, प्रेक्षक हसतात, पुढचा प्रसंग. दलीप कौरला घर होतं, भूतकाळ होता, हट्टाला कारण होतं. या भूमिकांत त्यातलं काही लिहिलेलंच नसतं. निर्माते त्यांचं येणं विकत घेतात, लिहायचा खर्च वाचवतात. आणि त्या काय करतात? रिकाम्या प्रसंगातही बसण्याची जागा, चुन्नी, शेवटचा शब्द, सगळं तितक्याच निष्ठेने करतात. त्यामुळे प्रसंग तरतो आणि लेखकाला वाटतं आपण बरं लिहिलंय. साठाहून जास्त चित्रपट केलेल्या या बाईला केंद्रस्थानी ठेवून, त्या वयाच्या बाईचं मन, देह, संपत्ती, एकटेपण यांबद्दलचा मोठा चित्रपट पंजाबीने करायला हवा. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेल्या गुरविंदर सिंगने 'अन्हे घोडे दा दान'मध्ये दाखवलं की पंजाबी सिनेमाला तशी शांत, खोल नजर आहे. तिच्यासमोर ही अभिनेत्री यावी अशी माझी फार इच्छा आहे.

पद्मश्रीचं म्हणशील तर 2024 च्या त्या यादीत पतियाळाचेच दुसरे ज्येष्ठ रंगकर्मी प्राण सभरवाल यांचंही नाव होतं. एकाच वर्षी एकाच गावच्या रंगभूमीतली दोन माणसं. बातम्यांनी निर्मल ऋषींना 'चित्रपट अभिनेत्री' म्हटलं, सभरवालांना 'नाट्यकर्मी'. खरं तर दोघांची मुळं एकाच मातीत आहेत.

आता तुझा शेवटचा प्रश्न. तिशीच्या आत आईच्या भूमिका घ्याव्यात का? घे. निर्मल ऋषींनी चाळिशीत मासी केली आणि त्याने त्यांचं नाव झालं. पण संहिता हातात आली की एक तपासून पाहा: या बाईला प्रसंगात काही हवं आहे का? मुलाने परत यावं, सुनेने किल्ली द्यावी, शेत विकलं जाऊ नये, काहीही. तिला काहीतरी हवं असेल तर वय कितीही असो, ती भूमिका आहे. ती फक्त दुसऱ्यांसाठी काळजी करत, चहा आणत, दारात उभी राहत असेल, तर तो फर्निचरचा भाग आहे. पैशासाठी घ्यावा लागला तर घे, पण त्यातून अभिनेत्री म्हणून काही वाढेल अशी आशा ठेवू नकोस.

दुसरं, शरीर सांभाळ, आणि ते जिमच्या आरशापुरतं नाही. धावणं, मल्लखांब, कबड्डी, लाठी, जे जमेल ते कर. म्हातारी उभी करायला तरुण, तयार शरीर लागतं. निर्मल ऋषी ऐंशीच्या घरात जे करतात ते विशीतल्या मैदानावर कमावलेलं आहे.

तिसरं, तुझी बोली. तू कुठली आहेस ते तू लिहिलं नाहीस. लातूरची असशील, चंदगडची, भंडाऱ्याची, पेडण्याची, जिथली असशील तिथली बोली ऑडिशनसाठी धुऊन काढू नकोस. प्रमाण मराठी शिकच, ती लागते. पण घरची बोली रोज कुणाशी तरी बोल, जुन्या बायकांच्या तोंडची ऐक, त्यांचा श्वास कुठे तुटतो ते टिपून ठेव. मराठी सिनेमा पुन्हा गावाकडे वळला की, जो अधूनमधून वळतोच, त्या बोलीत सहज भांडू शकणाऱ्या नट्या शोधायला माणसं फिरतात आणि त्यांना त्या मिळत नाहीत.

आणि काम मिळत नसेल त्या वर्षांत मंच सोडू नकोस. हौशी संघ, राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, गावातला गणपतीचा मांडव, जे असेल ते. जमलं तर एक नोकरीही धर, ज्यातून संध्याकाळ मोकळी मिळेल. पाहायला सुरुवात 'निक्का जैलदार'पासून कर, मग 'गोडे गोडे चा', आणि 'लौंग दा लिशकारा' शेवटी, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षीच्या बाईत चाळिशीतली कुठे कुठे आहे ते तुला सापडेल. पाहून झालं की दलीप कौरचा एखादा प्रसंग तुझ्या बोलीत लिहून काढ आणि करून बघ. अडलीस तर विचार.